चाळ कधी फोडायची?

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

नोकरीच्या अर्जासोबत दाखवायला आकडे आलेखांतून मांडणारा डॅशबोर्ड करतेयस हे ऐकून फार बरं वाटलं. पण त्यासाठी सुपरस्टोअर या नमुन्याच्या दुकानाचा तयार डेटा घेऊ नकोस. तो सगळेच घेतात, हे तूच म्हणालीस. शिवाय मुलाखतीत कुणी खोदून विचारलं की अमुक महिन्यात विक्री का पडली, तर त्या दुकानाबद्दल काय सांगशील? कांदा घे. लासलगावचा. त्यातल्या चढउताराचं कारण तुला माहीत असेल, नसेल तर मला विचारता येईल.

रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर मिळतात. खरी मेहनत ते आकडे नीट लावण्यात आहे. लासलगाव, निफाड, विंचूर अशा वेगळ्या नोंदी दिसतील. बाजार समिती एकच, आवारं वेगळी. लाल आणि उन्हाळ (उन्हाळी) कांदा एका सरासरीत मिसळू नकोस. लाल टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, थांबतो. महिन्याची सरासरी काढताना आवक हिशेबात धर, नाहीतर दोनशे क्विंटलचा दिवस आणि वीस हजार क्विंटलचा दिवस सारखेच मोजले जातील.

आणि लिलाव बंद असतील त्या दिवशी शून्य भरू नकोस, जागा रिकामी ठेव. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा लिलाव बंद पडले होते. तिथे शून्य दिसलं तर बघणाऱ्याला वाटेल भाव कोसळला. ती तारीख आलेखावर उभी रेघ ओढून दाखव. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आणि मे २०२४ मध्ये ती उठली, त्याही.

पण नुसते आकडे मांडून थांबलीस तर काम अर्धंच राहील. आम्हाला दरवर्षी छळणारा प्रश्न घे: चाळ कधी फोडायची, म्हणजे साठवलेला कांदा विकायला कधी काढायचा? समज, एप्रिलमध्ये भाव क्विंटलला १५०० रुपये असताना १०० क्विंटल चाळीत भरला. सप्टेंबरपर्यंत घट आणि सड जाऊन ७० उरला, तर २१४३ च्या वर भाव मिळाला तरच थांबल्याचा फायदा. त्यात निवडायची मजुरी अजून धरलेलीच नाही! घटीची टक्केवारी बघणाऱ्याला स्वतः बदलता येऊ दे, कारण ती प्रत्येकाच्या चाळीत वेगळी असते. मग कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यापर्यंत थांबणं परवडलं असतं, ते एका पानावर दिसू दे. नोकरी देणाऱ्याला यातून कळेल की ही मुलगी आकड्यांवरून निर्णयापर्यंत जाते.

टॅब्लो पब्लिक या डॅशबोर्ड टाकायच्या संकेतस्थळावर टाक, म्हणजे लिंक दाबली की उघडेल. डेटा कुठून घेतला, काय गाळलं आणि का, हे खाली चार ओळींत लिही.

पहिला मसुदा अर्धवट असला तरी पाठव. मी मोबाइलवर बघेन, शेजारच्या चाळवाल्यांनाही दाखवीन आणि ते काय विचारतात ते तुला कळवीन. अक्षरं तेवढी मोठी ठेव.

तुझे बाबा