पाया, शोषखड्डा आणि बाग : माती एकच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दर पावसाळ्यात जुन्या नाशकातील काझीची गढी, म्हणजे गोदाकाठचे मातीचे उंच टेकाड, ढासळू लागली, की तिची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात आणि चार दिवस शहरात मातीची चर्चा होते. मखमलाबाद, आडगाव, नांदूर या बाजूंना काळ्या रानावर उभे राहिलेले बंगले मात्र गाजावाजा न होता तडकत असतात आणि त्याचे खापर बहुधा गवंड्यावर किंवा सिमेंटवर फुटते. पाटबंधाऱ्याच्या कामांवर नोकरीची वर्षे काढलेला आणि तरीही स्वतःचे घर बांधताना खालच्या मातीचा विचार न करण्याची चूक केलेला एक वाचक म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नाशिकच्या पोटात सगळीकडे काळा पाषाण आहे. त्र्यंबकच्या अंगाला तो वरच लागतो, हात-दोन हात मुरूम उकरला की पहार खणखणते. निफाडच्या दिशेने गोदाकाठाने जावे, तसा त्यावरचा काळ्या मातीचा थर जाड होत जातो. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. ओल धरून ठेवण्याचा तिचा जो गुण शेतकऱ्याला हवासा वाटतो, तोच घराच्या मुळावर येतो.

माझ्या घराचा पाया ठेकेदाराने चार फुटांवर थांबवला. मुरूम नऊ फुटांवर होता, हे नंतर कळले. त्याच घराच्या आग्नेय कोपऱ्यापासून जेमतेम पाच फुटांवर शोषखड्डा घेतला गेला आणि राहिलेल्या पट्टीत मी हौसेने कर्दळ आणि हिरवळ लावून रोज पाणी देत राहिलो. पलीकडच्या कोपऱ्याला शेजारचा निलगिरी जमिनीतील ओल ओढून घेत होता. म्हणजे एक कोपरा बारमाही ओला आणि फुगलेला, दुसरा उन्हाळ्यात आकसून खचणारा. मधल्या भिंतीने काय करावे? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, जिच्यात एप्रिलमध्ये रुपयाचे नाणे शिरे आणि जी ऑगस्टमध्ये जवळपास मिटे. दोनदा लांबी (पुट्टी) भरून रंग दिल्यावर मला उमगले की दुखणे भिंतीचे नाहीच. काळ्या मातीतून कालवा नेताना अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची, आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी विकसित केलेली पद्धत मला ठाऊक होती. दिव्याखाली अंधार, दुसरे काय!

याला उपाय नाहीत असे मुळीच नाही. मुरूम हाताशी असेल तर पाया तिथपर्यंत न्यावा. थर फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने प्रचारात आणलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब निदान साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूंप्रमाणे ओल बदलणाऱ्या थराच्या खाली, टेकवावेत. माती किती फुगते हेही स्वस्तात कळते : चाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकून चोवीस तासांनी दोन्हींची उंची ताडून पाहावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील माती रॉकेलमधील मातीच्या दीडपट झाली, तर सावध व्हावे.

शोषखड्ड्याची गोष्ट याहून दुर्लक्षित आहे. सेप्टिक टाकीत मैला खाली बसतो आणि थोडाफार कुजतो, एवढेच. बाहेर पडणारे पाणी जिरवून शुद्ध करण्याचे काम मातीचेच असते. काळ्या मातीत ते जिरत नाही, म्हणून जिथे ड्रेनेजची लाइन पोहोचलेली नाही तिथे पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि टँकर बोलवावा लागतो. भेगाळ खडकात उलटा प्रकार होतो, पाणी गाळले न जाताच फटींतून शेजाऱ्याच्या बोअरपर्यंत पोहोचते. भारतीय मानकानुसार चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यात भरलेल्या पाण्याची पातळी पंचवीस मिलिमीटर उतरायला तीस मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर तिथे शोषखड्डा घेऊ नये, आणि पिण्याच्या विहिरीपासून अठरा मीटर अंतर सोडावे. दीड गुंठ्याच्या प्लॉटमध्ये हे अंतर आणायचे कुठून, हा प्रश्न प्लॉट पाडतानाच विचारायला हवा होता.

बागेविषयी थोडेच सांगतो. पाणी पिणारी झाडे आणि हिरवळ भिंतीपासून दूर न्यावी, भिंतीलगत बाहेर उतार असलेली फरशी करावी आणि वाफसा (जमीन ना चिखल ना कोरडी, अशी बेताची ओल) आल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. चुनखडीच्या मातीत गुलाब पिवळे पडतात, ते बहुधा लोह न मिळाल्याने. तिथे आणखी पाणी घालून काही साधत नाही.

माझी महापालिकेला विनंती इतकीच आहे, की लहान बंगल्यांच्या नकाशासोबतही खालच्या मातीचे थर दाखवणाऱ्या चाचणी खड्ड्याची नोंद मागावी आणि जिथे ड्रेनेज नाही तिथे पाणी जिरण्याची चाचणीही बंधनकारक करावी. मात्र ही चाचणी मे महिन्यात कोरड्या जमिनीवर उरकू देऊ नये. तेव्हा पाणी भेगांत भराभर नाहीसे होते आणि कागदावर काळी मातीही उत्तम ठरते. खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी मोजमाप घ्यावे.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारे कर्मचारी,
मखमलाबाद, नाशिक