सूचना : झिडोव्हुडिन आणि नेविरापिन या एचआयव्हीविरोधी औषधांच्या कुप्या

रत्नागिरीच्या प्रयोगशाळेतील सर्व सदस्यांसाठी,

पावसाळ्यात आपल्याकडे मिठालाही पाणी सुटतं. उणे २० अंशांवरची कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एचआयव्हीचं एन्झाइम) याच्या पेशीविरहित चाचणीत नुसतं झिडोव्हुडिन घालू नका. पेशीतल्या किनेजांनी (फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमांनी) त्याचं ट्रायफॉस्फेट (तीन फॉस्फेट जोडलेलं रूप) केल्यावरच ते एन्झाइमला अडवतं. म्हणून तिथे तयार ट्रायफॉस्फेटच घ्या. नेविरापिन थेट चालतं. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, कंट्रोलमध्येही (औषध न घातलेल्या तुलनेच्या नमुन्यात) डीएमएसओ तेवढंच ठेवा.

आणि कळकळीची विनंती : प्रयोगासाठी एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रातल्या) गोळ्या कुणाकडेही मागू नका. सरकार २००४ पासून त्या गोळ्या रुग्णांना मोफत देतं. त्यांचा एकही डोस आपल्यामुळे चुकता कामा नये. शिवाय गोळीत इतर घटकही असतात, मोजमाप बिघडतं. आपल्या कुप्यांतलं रसायनही कुणी औषध म्हणून घ्यायचं नाही.