वाटणीला स्वातंत्र्य म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील जर्मनीतल्या आनहाल्ट संस्थानाविषयीचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्सुकतेने आणि दुसऱ्यांदा आपल्याच वाचण्यात काही चूक झाली नाही ना, हे पाहण्यासाठी. सॅक्सनीच्या डचीचे (म्हणजे ड्यूकच्या मुलखाचे) ‘जोखड झुगारून’ या चिमुकल्या संस्थानाने १२१२ मध्ये ‘स्वातंत्र्य मिळवले’, असे लेखकमहाशय लिहितात. कोणाशी लढून मिळवले, हे मात्र त्यांनी गुलदस्त्यातच ठेवले आहे. त्या वर्षी सॅक्सनीचे ड्यूक बर्नहार्ड वारले आणि दोन मुलांत वाटणी झाली: थोरल्या हाइनरिशकडे आनहाल्टची पिढीजात जमीन आली, तर धाकट्या आल्ब्रेख्तकडे सॅक्सनीचे ड्यूकपद गेले. एवढेच.

थोरल्याच्या पदरी लहान वाटा आला, याचे लेखकांना नवल वाटले नाही, याचेच मला नवल वाटते. सॅक्सनी ही ११८० मध्ये सम्राट बार्बारोसाने हाइनरिश ‘सिंह’ याच्याकडून काढून बर्नहार्डला दिलेली जहागीर होती, तीही वेस्टफालियाचा लचका कोलोनच्या आर्चबिशपला तोडून दिल्यावर उरलेली. आनहाल्ट मात्र आजोबा आल्ब्रेख्त ‘अस्वल’ यांच्या घराण्याचे मूळ घर. वेगळे झाल्यामुळे थोरल्याला धाकट्याच्या हाताखाली राहावे लागले नाही आणि तो थेट सम्राटाचा मानकरी झाला, हाच काय तो या ‘स्वातंत्र्या’चा अर्थ.

आमच्या घरी १९७१ साली वाटणी झाली, तेव्हा थोरल्या काकांनी देवघराची पडवी आणि आमराई घेतली व बागायत माझ्या वडिलांकडे आली. सातबारे वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, आणि तांब्या-पितळेची भांडी माजघरात मांडून काकू व आई यांनी एकमेकींकडे न बघता एकेक उचलून घेतली. पाणी तापवण्याच्या घंगाळावरून दोघींमध्ये जो अबोला धरला गेला, तो माझ्या लग्नापर्यंत टिकला. तरीही काकांनी स्वातंत्र्य मिळवले, असे गावात कोणी म्हटले नाही, आणि दोन्ही घरांतील भांड्यांवर नाव आजोबांचेच राहिले. आनहाल्टच्या ढालीवरही अर्ध्या भागात सॅक्सनीचे काळे-सोनेरी पट्टे आणि त्यांवरून तिरकी गेलेली हिरवी पानांची पट्टी पुढेही कायम होती. ही ढाल आपण लेखाशेजारी रंगीत छापली आहे. लेखकांनी ती पाहिली असती, तर बरे झाले असते.

नकाशाबद्दल न बोललेलेच बरे, पण बोलतो. त्यात मूळ डची म्हणून ड्रेस्डेनच्या आसपासचा मुलूख रंगवला आहे. धाकट्या आल्ब्रेख्तच्या वंशातली विटेनबर्गची शाखा १४२२ मध्ये निर्वंश झाल्यावर राजा सिगिस्मुंडने आनहाल्टच्या भाऊबंदांना डावलून ते ड्यूकपद ड्रेस्डेनजवळच्या माइसेनच्या फ्रीडरिशला दिले आणि त्यानंतरच सॅक्सनी हे नाव तिकडे सरकले. दोनशे वर्षांनीही ज्यांना वारसा हवा होता, त्यांनी कोणते जोखड झुगारले होते, हे लेखकांनी सवडीने सांगावे. त्याच नकाशाखालील मजकूर करड्या रंगावर करड्या शाईने कोणासाठी छापला जातो, हे आपण सांगावे. मला त्यासाठी नातवाला हाक मारावी लागली.

हे पत्र छापल्यास पूर्ण छापावे, ही विनंती. मागील खेपेस आपल्या कात्रीत ‘नाही’ हा एक शब्द गेला आणि ज्या मताविरुद्ध मी लिहिले होते, ते मत माझ्या नावावर लागले.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक