सुमास, वॉर्सातून

प्रिय सुमा,

माझी तब्येत ठीक आहे, थंडीत गुडघा कुरकुरतो एवढंच. तू रोज पोटगीच्या केसेस चालवतेस, म्हणून हे तुलाच लिहितेय. घरात सांगितलं तर 'कागद आहे, भाषांतर कर नि मोकळी हो' म्हणतात.

आमच्याकडे एक आई आली आहे. नवरा शिकागोत, ही मुलीला घेऊन इथे. इलिनॉयच्या कोर्टाचा पोटगीचा हुकूम इंग्रजीतून पोलिशमध्ये करायचाय. मसुदा माझा, सही-शिक्का आमच्या मोठ्या बाईंचा, त्या शपथबद्ध अनुवादक.

थकबाकी, पगारातून कपात हे सहज झालं. इथे वसुली कोमोर्निक करतो. आपल्या बेलिफासारखाच, पण पोटगीसाठी पगाराच्या साठ टक्क्यांपर्यंत रक्कम परस्पर कापून घेतो. तुझ्या पक्षकारणींना असा एखादा मिळाला तर पेढे वाटतील! 'कंटेम्प्ट'पाशी मात्र अडले. त्याचा नेहमीचा पोलिश शब्द घातला तर वाटावं, नवऱ्याने जज्जाला शिव्या घातल्या. तिकडे हुकूम मोडला म्हणून आत टाकतात. इथे तीन हप्त्यांएवढी थकबाकी झाली की कलम 209 खाली फौजदारी गुन्हा होतो, वर्षापर्यंत कैद. शेवटी 'कोर्टाचा हुकूम न पाळणे' असं लिहिलं.

पण झोप उडालीय ती 'आलिमेंती' या साध्या शब्दाने. पोलिशमध्ये पोटगीला हाच शब्द, दुसरा नाही. आणि इथल्या कायद्यात पोटगीला वयाची अट नाही. पोर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत बापाने द्यायची, नेटाने शिकत असेल तर कॉलेजातही. इलिनॉयचा हुकूम म्हणतो अठरा, शाळा चालू असेल तर ती संपेपर्यंत, एकोणिसाच्या पुढे नाही. तिथे कॉलेजचा खर्च हवा तर कोर्टात वेगळा मागावा लागतो. मुलगी सतरा पूर्ण. आईने मसुद्यावर बोट ठेवलं, 'आलिमेंती'वरच, आणि म्हणाली, म्हणजे वैद्यकीय होईपर्यंत काळजी नाही. वयाचं कलम खाली स्पष्ट लिहिलंय गं, पण तिची नजर तिथवर गेलीच नाही.

मी मोठ्या बाईंना म्हटलं, अनुवादकाची टीप घालू. त्या म्हणाल्या, मूळ कागदात शंका नाही तिथे टीप कशाला, सल्ला देणं वकिलाचं काम. नियमाने त्यांचं खरं आहे. मला ते पटत नाही. त्या मुलीचं वर्ष फुकट जाईल.

लॉ सोडून पोलिश घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस, 'वळिवड्याचा पोलिश निर्वासितांचा कॅम्प 1948 ला उठला, आता कुणाशी बोलणार?' सबंध पावसाळा अबोला धरला होता आपण. घे, आता बोलायला माणूस मिळालंय आणि तोंड उघडायची मुभा नाही.

तन्मयची बारावी कशी चाललीय? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? राजारामपुरीतला फ्लॅट विकू नकोस एवढ्यात.

टीप न घालता, ऑफिसबाहेर तिला गाठून 'शिकागोतला वकील आत्ताच बघ' एवढंच सांगितलं तर चालेल का? तू काय केलं असतंस? सोमवारी शिक्का बसणार आहे, त्याआधी फोन कर. रात्री उशिरा केलास तरी चालेल.

तुझी,
मीना