मालूची सही

खारीगाव, कळवा
बुधवार, रात्री

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तू दिल्लीला जाऊन आज 11 दिवस झाले. आईशी बोलतेस, पण फोन माझ्या हातात आला की तुला कुठेतरी जायचं असतं. म्हणून लिहायला बसलो. खोकल्याचं विचारायचं नाही असं ठरवलं आहे. कमी आहे असं आईला सांगितलंस, तेवढं पुरे.

भाऊबीजेला मी जे बोललो ते बोलायला नको होतं. "पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुझं," आणि तेही सगळ्यांसमोर, नंदू आणि त्याची नवी बायको बसलेली असताना. मालूआत्याच्या ताटात मी पाचशेची नोट ठेवली आणि तू म्हणालीस, "बाबा, सातबाऱ्यावरून नाव काढलं त्याची ही भरपाई का?" मालू तुलाच गप्प करायला लागली. ते मला जास्त लागलं. ती अजूनही मलाच सांभाळत होती. तुला कल्याणला गाडीवर सोडायलाही आलो नाही. निळा डबा तसाच ओट्यावर राहिला, त्यात आईने आल्याच्या वड्या भरल्या होत्या, खोकल्यावर.

तुझी 3 पुस्तकं दिवाणावर राहिली होती. पार्सल करायला म्हणून घेतली आणि वाचत बसलो. मग ठाणे स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आणखी आणली. 1893 सालची संस्था, चाळीस वर्षं मी तिच्यावरून कंपनीची बस पकडायला धावलो आणि पायरी चढलो नाही.

ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' पहिल्यांदा वाचली. 1882 साली बुलढाण्यातली बाई एवढं लिहिते! सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारलं म्हणून फाशी सुनावली, पुढे ती शिक्षा कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. सगळी वर्तमानपत्रं तिच्या नावाने खडे फोडत होती. ताराबाईंनी उलट पुरुषांनाच जाब विचारला, की बाईच्या माथी मारता ते सगळे दुर्गुण तुमच्यात नाहीत का? जोतीराव सोडले तर बाजूने उभं राहिलेलं फारसं कोणी दिसत नाही. नंतर ते पुस्तक असं विस्मरणात गेलं, की 1975 मध्ये मालशे सरांनी पुन्हा छापलं तेव्हा कुठे लोकांना कळलं. म्हणजे माझ्या आईच्या अख्ख्या तरुणपणात ते कुणाच्या हाती नव्हतं. तिला कोणी वाचून दाखवलं असतं तर? आई अक्षर ओळखत नव्हती, पण ताटीचे अभंग तोंडपाठ होते तिला. तुझं नाव त्या मुक्ताबाईवरून तिने ठेवलं. तुझ्या पुस्तकात दुसरी मुक्ता भेटली, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा वर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, असं त्या पोरीने 1855 मध्ये लिहिलं आहे. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

आनंदीबाईंचं मात्र वाचायला नको होतं. आपल्या कल्याणची मुलगी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बोटीने अमेरिकेला जाते, 1886 मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर होते, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने संपते. बावीससुद्धा पूर्ण नव्हती. तू जूनमध्ये बावीस पूर्ण केलीस. मला ठाऊक आहे की काळ वेगळा आहे आणि औषधं आहेत. पण तिकडे परक्या थंडीत ती खोकत होती हे वाचलं आणि दिल्लीचा धूर डोळ्यांसमोर आला. तीन आठवडे टिकलेला खोकला साधा नसतो, मुक्ता. एक्सरे काढायला काय जातं? बघ, पुन्हा तिथेच आलो.

मालूचं सांगतो. तुला अर्धंच माहीत आहे.

सातवीला मालू केंद्रात पहिली आली. मी तेव्हा ठाण्याला मामाकडे शिकत होतो, दोनदा गणितात नापास झालेला. पुढची शाळा शहापूरला, पोरीला एवढं लांब कोण पाठवणार, म्हणून तिचं नाव काढलं. माझी फी भरायला त्याच वर्षी तात्यांनी म्हैस विकली. सुट्टी संपवून मी निघालो की मालू माझी वळकटी डोक्यावर घेऊन एसटीच्या फाट्यापर्यंत यायची आणि वाटेत माझ्याकडून इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायची. गाडी वळली की दिसेनाशी व्हायची.

तात्या 1996 मध्ये गेले. वारसनोंदीत माझ्याबरोबर मालूचं नाव लागलं. मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, असं मी तुला भाऊबीजेला म्हणालो. ते खोटं होतं. तलाठ्याने स्पष्ट सांगितलं होतं की 56 सालापासून मुलगी बापाची वारस आहे, नाव कमी करायचं तर हक्कसोडपत्र करा. आणि मी केलं. तिला एसटीने आणलं, साडीचोळी घेतली. निबंधकाच्या ऑफिसात तिथला माणूस शाईचा पॅड पुढे करून म्हणाला, "अंगठा चालेल." मालू म्हणाली, "मला लिहिता येतं." आणि पदर सावरून, एकेक अक्षर वळवून पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "दादा, माहेर राहील ना रे?"

त्यातले 20 गुंठे विकून 2003 मध्ये ही जागा घेतली. आधीची कंपनी बंद पडली होती, तू तान्ही होतीस. ही सबब नाही, फक्त कसं झालं ते सांगतोय.

कंपनीत 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार मी घालायचो. हिंदू कोड बिल अडलं म्हणून त्यांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि मुलीचा वारसाहक्क त्या बिलात होता, हे साठाव्या वर्षी तुझ्या पुस्तकात वाचतोय. हार घालत होतो त्याच वर्षांत बहिणीची सही घेतली.

आता थोडं बापाचं ऐक. वाच, पुष्कळ वाच. पण हे सगळं वाचून घरातलं प्रत्येक माणूस आरोपी दिसायला लागलं तर तू एकटी पडशील. आईसारखी नोकरी, घर, तब्येत सांभाळून... नको. हे वाक्य इथेच सोडतो. घरातलं कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून सगळं गिळायचं, हेच तर मालूला शिकवलं होतं. माफ कर. नऊ वर्षांची असताना तू विचारलं होतंस, आई शेवटी का जेवते. मी हसून टाळलं, पण दुसऱ्या दिवशी कंपनीत सगळ्यांना सांगत फिरलो, माझी पोरगी असं विचारते म्हणून. तुला हे कधी सांगितलं नाही.

आत्याशी तू यातलं काही बोलू नकोस. ते मला बोलू दे. रविवारी सकाळी बदलापूरला जातो आहे. उरलेल्या जमिनीचा उतारा काढून आणलाय, त्यातली निम्मी तिच्या नावावर कशी करायची ते वकिलाला विचारलं. बक्षीसपत्र करावं लागेल म्हणाला. बक्षीस हा शब्द मला आवडला नाही, पण कागदावर तोच आहे. आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझ्या भावांनीही माझी सही घेतली होती, तुम्ही कधी विचारलं नाहीत." सव्वीस वर्षांच्या संसारात मला ते माहीत नव्हतं. काल रात्री आम्ही दोघेही नीट जेवलो नाही.

मालू नको म्हणेल, रडेल. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते. तू बरोबर असतीस तर बरं झालं असतं.

दोन पुस्तकं आणि सितोपलादी चूर्ण पाठवतो आहे, मधातून घे. ताराबाई ठेवून घेतली आहे, रविवारी मालूसाठी नेणार आहे. तिला वाचता येतं.

एक्सरे काढलास की कळव. मला नाही तर आईला.

तुझा,
बाबा