दुसऱ्या तपासणीसाठी दुसरा माणूस द्या

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

पोस्टाच्या बचत खात्यातून पैसे काढायचे तर खातेदार एसबी-७ फॉर्म आणि पासबुक घेऊन खिडकीवर येतो. क्लार्क अंकी-अक्षरी रक्कम ताडून पाहतो, स्क्रीनवर सहीचा नमुना उघडतो आणि सही जुळली की एंट्री करतो. ती एंट्री सुपरवायझरने स्वतःच्या संगणक आयडीतून (लॉगिनमधून) तपासून मंजूर केल्यावरच नोटा मोजायच्या आणि पासबुक छापायचे. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरत असेल तर जुनी सही जुळत नाही. मग ओळखपत्र बघा, अंगठा घ्यायचा तर साक्षीदार बोलवा. यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा. पैसा लोकांचा आहे.

ही दुहेरी तपासणी कोलमडते ती छोट्या उपडाकघरांत. माणसे दोनच, सबपोस्टमास्तर आणि क्लार्क. एक रजेवर गेला आणि बदली माणूस आला नाही, की दोन्ही आयडी एकाच्याच हातात येण्याची वेळ येते. पासवर्ड कुणाला देऊ नये हे सगळ्यांना पाठ आहे, पण रांगेतल्या माणसाला परत कसे पाठवायचे? मग एंट्री करणारा आणि मंजुरी देणारा एकच. ५०० च्या जागी ५००० पडले तर पकडणार कोण? आपली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी रोकड जुळत नाही, तूट पदरची भरावी लागते. अपहार करणाऱ्याला तर हीच फट पुरते.

गर्दीच्या तारखा आधीपासून ठाऊक असतात. १५ तारखेपर्यंत उघडलेल्या आरडीचा (दरमहा भरायच्या आवर्ती ठेवीचा) हप्ता १५ पर्यंत, त्यानंतर उघडलेल्यांचा महिनाअखेरपर्यंत. पीपीएफचे व्याज ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मिळते, म्हणून लोक पाचच्या आत धावतात. त्याच दिवशी एजंटांच्या आरडीच्या याद्या येतात आणि पुष्कळ ठिकाणी स्पीड पोस्टही त्याच खिडकीवर: वजन, पिनकोड, मोबाईल नंबर, १३ अक्षर-अंकांचा बारकोड. टपालाची पिशवी ठरल्या वेळी बंद करावीच लागते, रांग कितीही असो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विभागात रजेच्या जागी जाणारे राखीव कर्मचारी पुरेसे ठेवा आणि या तारखांना दोन माणसांच्या डाकघरातून कुणालाही खाते उघडण्याच्या मेळाव्यांना पाठवू नका. तपासणी अधिकाऱ्यांना रजेचे रजिस्टर आणि लॉगिनची नोंद शेजारी ठेवून बघायला सांगा. रजेवरच्या माणसाचा आयडी त्या दिवशी चालू दिसला, तर हजर असलेल्या कर्मचाऱ्याला नोटीस काढण्याआधी बदली माणूस का दिला नाही याचा लेखी खुलासा विभागीय कार्यालयाकडून घ्या.

कळावे,
पोस्टाच्या काउंटरचे काम जवळून जाणणारे