कांचनभटाचं उपरणं

सांगली

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू बसवलेल्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग छान झाला, असं तुला रंगपटात म्हणालो ते खोटं नव्हतं. पण परतीच्या गाडीत तुझ्या आईचं डोकं मी खाल्लं, तेच आता तुला लिहितो.

तुझी शारदा उत्तम. पदं निम्मी कापलीस, त्याचंही मला काही वाटलं नाही. लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला विवाहसंस्थेचा एजंट केलंस, ते तर फारच आवडलं. खटकला तो शारदेचा बाप, कांचनभट. पैशांसाठी मुलीला म्हाताऱ्या नवऱ्याला विकणारा बाप म्हणून तो पहिल्या एंट्रीपासून डोळे वटारून ओरडतो. प्रेक्षकांनी त्याला शिव्या घातल्या आणि आपण त्यातले नाही, म्हणून निवांत घरी गेले.

अगं, ओरडणारा राक्षस आपल्याकडे आधीच होऊन गेला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथल्या संस्थानिकांपुढे ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या परंपरेत पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची आणि राक्षस तोंड रंगवून ‘अलल्लडुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचे. (तुमचं ते इम्प्रोव्हायझेशन इतकं जुनं आहे.) ‘शारदा’ लिहिणारे देवल आपल्या हरिपूरचे. 1899 च्या ‘शारदे’त त्यांनी तोच राक्षस धोतर नेसवून घराच्या ओटीवर आणून बसवला. तू त्याला पुन्हा अलल्लडुर्र करायला लावलंस.

आमच्या हौशी मंडळात कांचनभट मीच करायचो, तुला आठवत असेल. तालमीत मीही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. आमचे दिग्दर्शक एक दिवस वैतागून म्हणाले, “भटजी, तुम्ही चिडलेले नाही, तुम्ही हिशोबात आहात.” दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते जनावरांच्या बाजारात गेले. रुमालाखाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव चाललेला, आणि वर तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा. बैल बाजूला उभा राहून रवंथ करत होता.

ते मी उचललं. दीक्षिताशी बोलताना उपरण्याखाली हात घालायचो आणि पोरीच्या सुखाची भाषा अगदी मनापासून बोलायचो. कांचनभटाला आपण वाईट करतोय असं वाटतच नाही. पोर श्रीमंताघरी पडते आणि चार पैसे हाताशी येतात, त्यात चुकलं कुठे? भावे नाट्यमंदिरातल्या त्या प्रयोगाला तू पुढच्या रांगेत होतीस, असशील सहा वर्षांची. घरी येताना तू विचारलंस, “बाबा, त्या ताईचे किती मिळाले?” मला उत्तर सुचलं नाही. आईने तुला भेळ घेऊन दिली.

प्रयोगानंतर तुझा एक नट मला सांगत होता, की शारदा कायदा या नाटकावरून आला. त्याला समजाव. 1929 चा तो बालविवाहाविरुद्धचा कायदा हरविलास सारडांच्या नावाचा आहे, नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं.

आता ‘मृच्छकटिक’ घेतेस म्हणतेस. तेही देवलांनी मराठीत आणलंय, पण तू मूळ संस्कृतही कुणाकडून तरी वाचून घे. तिथे राजाचा मेहुणा शकार आहे. त्याची बडबड ऐकून लोक हसतात आणि हसता हसताच तो नायिकेचा, वसंतसेनेचा गळा दाबतो. त्याला नुसता विदूषक केलास तर मी पुन्हा गाडीत आईचं डोकं खाणार.

माझं उपरणं ट्रंकेत सापडलं. एका कडेला कसर लागली आहे, आईने रफू करून धुतलंय. तुझ्या कांचनभटाला दे, ओरडणं बंद करून पुढचे चार प्रयोग ते वापरून बघ म्हणावं. शनिवारी शेजारचा मुलगा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. हळदीची पुडीही आहे, ती मात्र घरी ने, प्रॉपर्टीच्या पेटीत टाकू नकोस.

तुझा,
बाबा